घरी डीव्हीडी करायच्या आहेत: रायटर कोणता घ्यावा, कोऱ्या डिस्क कोणत्या?

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न जुनाट वाटेल, पण गरज खरी आहे.

आमच्याकडच्या व्हीएचएस कॅसेटी भाच्याने मेहनतीने संगणकावर उतरवून दिल्या. लग्नं, वाढदिवस, कुणाचं पहिलं पाऊल, असा सगळा ऐवज. त्याच्या डीव्हीडी करून घरातल्या ज्येष्ठ मंडळींना द्यायच्या आहेत. त्यांच्या टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आहे, रिमोटवरचं एकच बटण त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना आणखी काही शिकवायची माझी तयारी नाही. त्यांचीही नाही. शिवाय फोटोंची एखादी प्रत हार्ड डिस्कबाहेर असावी, असंही डोक्यात आहे.

लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नाही. एक जुना डेस्कटॉप आहे, तो चालतो. मग बाहेरून जोडायचा यूएसबीचा रायटर घेऊ की डेस्कटॉपमध्ये बसवू? आणि कोऱ्या डिस्कवर मायनस आर, प्लस आर असं जे काय लिहिलेलं असतं त्यातलं नेमकं काय उचलायचं?

उंटावरचा

धागा वीस वर्षांपूर्वीचा वर आलाय असं वाटलं एकदम. पेनड्राइव्ह द्या की राव. टीव्हीच्या मागे खोचला की काम झालं.

सोनचाफा

उंटावरचे, धागा नीट वाचा हो. एकच बटण माहीत असलेल्या माणसाला पेनड्राइव्ह दिलात की आधी इनपुट बदला, मग फोल्डर शोधा, मग टीव्ही म्हणणार हा फॉरमॅट चालत नाही. डिस्क घातली की सिनेमा सुरू होतो, ही सोय अजून दुसऱ्या कशात नाही. रात्रपाळी, तुम्ही बरोबर वाटेवर आहात. फोटोंच्या साठवणीचं मात्र वेगळं प्रकरण आहे, त्यावर नंतर लिहिते.

खटपट्या

आधी यंत्राचं बोलू.

मायनस की प्लस हा रायटर निवडताना आता मुद्दाच नाही. मायनस आर १९९७ सालची, पायोनियरची. प्लस आर २००२ मध्ये आली, फिलिप्स-सोनी वगैरेंच्या गोटातून. दोन-तीन वर्षं त्यांची जुंपली होती, तेव्हा रायटर घेताना खोकं उलटसुलट करून बघावं लागे. आज मिळणारा जवळपास कुठलाही रायटर दोन्ही लिहितो, दोन्हींच्या आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहायच्या) लिहितो आणि ड्युअल लेयर (दोन थरांच्या) डिस्कही लिहितो. तेव्हा ते डोक्यातून काढा.

खरा फरक जाड आणि सडपातळ यांच्यात आहे. डेस्कटॉपमध्ये बसणाऱ्या पूर्ण आकाराच्या ड्राइव्हला पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट असे दोन्ही मिळतात, मोटर दणकट असते, ट्रे भक्कम असतो. यूएसबीवाला सडपातळ ड्राइव्ह म्हणजे मूळचा लॅपटॉपचाच ड्राइव्ह, प्लास्टिकच्या डबीत घातलेला. तो यूएसबीच्या ५ व्होल्टवर जगतो. सारखं काम करायचं असेल आणि डेस्कटॉप हाताशी असेल तर माझं मत सरळ पहिल्याला.

वेगावरून फसू नका. डीव्हीडीचा १x म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी, सीडीच्या १x च्या नऊपट. सडपातळ ड्राइव्ह ८x पर्यंत जातो, म्हणजे सेकंदाला ११ एमबी. साध्या यूएसबी २.० ला तेवढं सहज झेपतं. डेस्कटॉपवाला १६x किंवा त्याहून जास्त सांगतो, पण ते १६x फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला येतं. सुरुवात आतून होते आणि तिथे वेग सहा-सात x च असतो. त्यामुळे पूर्ण भरलेली डिस्क १६x वर साधारण सहा मिनिटांत होते आणि ८x वर नऊच्या आसपास. या तीन मिनिटांसाठी जास्त पैसे घालवायची गरज नाही. १६x ला बाहेरच्या कडेशी डिस्क मिनिटाला नऊ हजारांच्या वर फेरे घेते, तो आवाज एकदा ऐका, म्हणजे ८x आवडायला लागेल.

यूएसबीवाला घेतलाच तर दोन गोष्टी बघा. एक, वीज. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं आणि राइट करताना लेझर आणि मोटर मिळून काही ड्राइव्ह त्याच्याही वर मागतात. म्हणून कित्येकांसोबत दोन तोंडांची केबल येते. दुसरं तोंड शोभेचं नसतं, तेही लावायचं. हबमध्ये लावू नका, डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टपेक्षा मागचं बरं. राइट सुरू होताच 'पॉवर कॅलिब्रेशन एरर' आली की लोक डिस्कला शिव्या घालतात. होतं असं की प्रत्येक राइटच्या आधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला राखीव जागेवर लेझर कमी-जास्त करून बघतो, या डिस्कला किती ताकद लागेल याचा अंदाज घेतो. त्या क्षणी व्होल्टेज पडलं की गणित तिथेच फसतं. डिस्क बिचारी चांगली असते.

दुसरी गोष्ट, बिननावाच्या डब्या. बाहेरून नवीकोरी, आत बऱ्याचदा कुठल्यातरी लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह. संगणकाला जोडून डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉडेलचं नाव वाचा. तिथे नीट मॉडेल नंबर दिसला आणि त्या मॉडेलची माहिती सापडली तर ठीक, नाहीतर परत करा.

आणि ट्रेमध्ये डिस्क नुसती ठेवायची नाही. सडपातळ ड्राइव्हच्या मधल्या बोंडावर ती दाबून बसवावी लागते, टक् आवाज आला पाहिजे. दाबताना दुसऱ्या हाताची बोटं ट्रेच्या खाली आधाराला ठेवा. अर्धवट बसलेली डिस्क आत थडाथडा आपटते.

रात्रपाळी

खटपट्या, आभार. डेस्कटॉप बराच जुना आहे, आत रुंद चपटी केबल दिसतेय. चालेल का?

खटपट्या

ती ४० पिनांची आयडीई, ड्राइव्ह जोडायची जुनी पद्धत. आता मिळणारे ड्राइव्ह साटाचे असतात, बोटभर रुंदीच्या केबलचे. मदरबोर्डवर साटाची सोय आहे का बघा. नसेल तर जुना आयडीई ड्राइव्ह शोधण्यापेक्षा यूएसबी घ्या. आयडीईत मास्टर-स्लेव्हचे जंपर, आणि एक्सपी असेल तर आणखी एक गंमत: वाचताना सतत चुका आल्या की विंडोज गुपचूप डीएमए (डेटा हलवायची वेगवान पद्धत) बंद करून पीआयओ या संथ मोडवर उतरतं, मग राइट गोगलगायीच्या चालीने होतं आणि कारण कुठेच लिहून येत नाही.

वापरलेला ड्राइव्ह घेणार असाल तर ट्रे पाच-सहा वेळा उघडबंद करून बघा. पूर्ण आकाराच्या ड्राइव्हमध्ये ट्रे एका छोट्या रबरी पट्ट्यावर चालतो. पट्टा सैल झाला की ट्रे कुरकुरतो, अर्ध्यात अडतो. पट्टा बदलता येतो. डिस्क आत अडकली तर समोरच्या बारीक भोकात सरळ केलेली कागदाची पिन घालायची, पण आधी वीज बंद करून.

ओरखडा

खटपट्यांशी सहमत, फक्त क्रम उलटा लावीन. यंत्रावर पानंच्या पानं चर्चा होते आणि डिस्क मात्र समोर दिसेल ती उचलली जाते. रायटर मधला असला तरी चालेल, डिस्क बरी हवी.

कोऱ्या आर डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो. लेझर तो ठिकठिकाणी भाजतो, भाजलेलं आणि न भाजलेलं यातल्या फरकातून वाचन होतं. हा रंग कुठला, तो किती समान पसरलाय, डिस्कच्या कडा नीट चिकटल्यात का, यावर सगळं आयुष्य ठरतं. खोक्यावरचं नाव हे बनवणाऱ्याचं असेलच असं नाही. एकाच ब्रँडच्या दोन खोक्यांत दोन कारखान्यांचा माल निघतो. खरी ओळख डिस्कमध्येच कोरलेली असते, तिला मीडिया आयडी म्हणतात. इमेजबर्न हा डिस्क लिहायचा प्रोग्रॅम उघडा, कोरी डिस्क घाला, उजवीकडच्या चौकटीत तो दिसतो. व्हर्बॅटिमच्या अ‍ॅझो रंगाच्या १६x प्लस आरवर 'एमसीसी ००४' असं यायचं आणि जाणकार तेच बघून घ्यायचे. तायो युडेन हा जपानी कारखाना तर या बाबतीत देवघरातला मानला जाई. २०१५ मध्ये त्यांनी हा धंदा सोडला.

हा आयडी ड्राइव्हलाही लागतो. ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये) एक तक्ता असतो: अमुक आयडीची डिस्क आली की लेझर असा चालवायचा. आयडी ओळखीचा नसेल तर ड्राइव्ह आपला ठोकळेबाज हिशोब लावतो, आणि निकालही तसाच येतो. म्हणून एखादा ब्रँड एकाच्या ड्राइव्हवर उत्तम आणि दुसऱ्याच्या ड्राइव्हवर कचरा, हे दोघेही खरं बोलत असतात.

तुमच्या कामासाठी सांगायचं तर टीव्हीखालचा प्लेअर फार जुना असेल तर मायनस आर घ्या. आरडब्ल्यू देऊच नका. तिच्यावरून प्रकाश कमी परावर्तित होतो, जुन्या प्लेअरला ती नीट ओळखता येत नाही. आरडब्ल्यू सरावाला ठेवा, सुमारे हजारदा पुसून लिहिता येते.

प्लस आरमध्ये एक खुबी आहे. राइट करताना डिस्कचा 'बुकटाइप', म्हणजे डिस्क कुठल्या प्रकारची ही आतली नोंद, डीव्हीडी-रॉम असा बदलता येतो, ड्राइव्हला जमत असेल तर. मग प्लेअरला ती कारखान्यात छापलेली डिस्क वाटते. मायनस आरमध्ये असं करता येत नाही.

तिरपागडा

सगळे मुद्दे ठीक, पण मुख्य राहिलाच. वेग सगळ्यात कमी ठेवा. जेवढं हळू लिहाल तेवढं खोल कोरलं जातं. मी कायम सगळ्यात खालच्या वेगावर लिहितो.

ओरखडा

तिरपागडा, हे सीडीच्या जमान्यातलं ज्ञान आहे आणि तेव्हाही अर्धंच खरं होतं. खोल वगैरे काही कोरलं जात नाही. १६x च्या डिस्कवरचा रंग जास्त वेगाच्या, ताकदवान आणि क्षणिक लेझरसाठी बनवलेला असतो. फार हळू गेलात तर लेझर एकाच जागी रेंगाळतो आणि खुणांच्या कडा धूसर होतात. बऱ्याच ड्राइव्हना १६x ची डिस्क दिली तर ते ४x च्या खाली पर्यायच दाखवत नाहीत.

शंका असेल तर मोजून बघा. क्यूपीएक्सटूलसारख्या प्रोग्रॅमने आणि तसं मोजू देणाऱ्या ड्राइव्हने (लाइट-ऑनचे यासाठी प्रसिद्ध होते) पीआय (वाचताना आलेल्या चुका) आणि पीआयएफ (पहिल्या दुरुस्तीत न सुटलेल्या चुका) मोजता येतात. पीआय आठ ब्लॉकांत मिळून २८० च्या आत, पीआयएफ एका ब्लॉकमध्ये ४ च्या आत, ही मानकातली मर्यादा. चांगल्या डिस्कवर पीआय दोन आकड्यांत राहतो. १६x च्या डिस्कसाठी ८x हा बहुतेक ड्राइव्हवर गोड वेग आहे. आलेखात डिस्कच्या शेवटाला डोंगर दिसला तर वेग एक पायरी कमी करा.

तिरपागडा

आलेख बघितले. तरी मी ४x वरच लिहिणार. जिवाला बरं वाटतं.

रात्रपाळी

अपडेट. डेस्कटॉपला साटा निघालं, आत ड्राइव्ह बसवला, मायनस आर आणल्या. पहिली डिस्क केली, संगणकात सुरळीत चालते. टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये घातली की बराच वेळ विचार करून 'नो डिस्क'. तीच डिस्क, तीन वेळा कापडाने पुसून घातली. ड्राइव्ह खराब म्हणायचा का?

खटपट्या

ड्राइव्हला दोष देऊ नका. डिस्क घातल्यावर विंडोजने एक खिडकी दाखवली असेल, त्यात दोन पर्याय: 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी' आणि 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसोबत'. पहिला निवडला की डिस्क लाइव्ह फाइल सिस्टिमने तयार होते, ती संगणकाच्या सोयीची आहे, टीव्हीखालच्या प्लेअरला तिचं काही कळत नाही. फाइली एमपी४ आहेत ना? दुसरा पर्याय घेतला तरी त्या जुन्या प्लेअरवर चालतीलच असं नाही. नुसत्या फाइली ढकलल्या की ती झाली डेटा डीव्हीडी. प्लेअरला हवी असते डीव्हीडी-व्हिडिओ. हे दोन वेगळे प्राणी आहेत. तुमच्या डिस्कमध्ये व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर दिसतो का? नसेल तर निदान पक्कं.

सोनचाफा

पुढचं मी सांगते, हे काम मी पुष्कळ केलंय.

डीव्हीडी-व्हिडिओत चित्र साधारणपणे एमपेग-२ मध्ये लागतं. पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धती. मोजमाप पाल असेल तर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससी असेल तर ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. तुमच्या कॅसेटी ज्यातल्या, डिस्कही त्यातच करा, मधे बदलू नका. आवाज एसी-३ किंवा पीसीएम, ४८ किलोहर्ट्झ. एमपी३ चालत नाही. हे सगळं बदलून, मेनू लावून, व्हिडिओ_टीएसमध्ये व्हीओबी फाइली बनवण्याला ऑथरिंग म्हणतात. डीव्हीडीस्टायलर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. विंडोज ७ मध्ये डीव्हीडी मेकर आयता यायचा, विंडोज ८ पासून तो काढून टाकला.

लांबीचा लोभ आवरा. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं ते हजाराच्या हिशोबाने, विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं म्हणून तुम्हाला ४.३८ च्या आसपास दिसेल. घोटाळा नाही, जागा तेवढीच आहे. दोन तास भरलेत तर आवाजासकट सेकंदाला साधारण ५ मेगाबिट मिळतात. व्हीएचएसच्या चित्रात धूळ, खरखर खूप असते आणि एमपेग-२ ला ती खरखर म्हणजेच तपशील वाटतो, सगळे बिट तिच्यावरच खर्च होतात. नाचतानाचे, पळापळीचे प्रसंग लगेच चौकोनी फुटतात. म्हणून एका डिस्कवर तास, फार तर दीड तास. चित्राचा कमाल वेग ९.८ मेगाबिट असतो, पण तिथे जाऊ नका. राइट केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर वरच्या टोकाला अडखळतात. ८ च्या खाली ठेवा.

एक बारीक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. कॅसेटमधलं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये सम आणि विषम ओळींची दोन अर्धी चित्रं. भाच्याने उतरवताना ते तसंच ठेवलं असेल तर डीव्हीडीतही तसंच राहू द्या. टीव्ही आणि प्लेअर त्यासाठीच बनलेत. मात्र वरची ओळ आधी की खालची आधी, हा क्रम चुकला की माणूस हात हलवतो तेव्हा हात पुढे-मागे थरथरतो. स्थिर चित्रात काहीच कळत नाही, हलणाऱ्यात लगेच कळतं. पाच मिनिटांचा तुकडा आरडब्ल्यूवर करून आधी टीव्हीवर बघा.

आणि मेनू करूच नका! एकच बटणवाल्यांसाठी डिस्क घातली की थेट चित्र सुरू व्हावं. डीव्हीडीस्टायलरमध्ये तशी सोय आहे. दर पाच मिनिटांना चॅप्टर द्या, एवढं पुरे.

अडगळ

धागा भरकटवतोय, पण संबंध आहे. आमच्याकडे जुन्या कॅमकॉर्डरच्या छोट्या डीव्हीडी आहेत, तळहातात मावतील अशा. संगणकात घातल्या तर विंडोज म्हणतं डिस्क रिकामी आहे, फॉरमॅट करू का. कॅमेऱ्यात मात्र चित्र दिसतं.

खटपट्या

अडगळ, त्या खिडकीतल्या 'हो'ला हात लावू नका! कॅन्सल.

त्या ८ सेंमीच्या डिस्क, १.४ जीबीच्या. त्या फायनलाइज झालेल्या नाहीत. कॅमेरा तुकड्यातुकड्याने लिहीत जातो आणि अनुक्रमणिका शेवटी लिहितो, ते शेवटचं काम म्हणजे फायनलाइज. ते होईपर्यंत बाकी यंत्रांना आत काय कुठे आहे ते कळत नाही. कॅमेरा चालू आहे हे तुमचं भाग्य. बॅटरीवर नको, चार्जर लावून ठेवा आणि मेनूमधून फायनलाइज करा. मधे वीज गेली तर पंचाईत होते. कॅमेरा बंद पडलेला असता तर आयसोबस्टरसारख्या प्रोग्रॅमने आतलं उपसावं लागलं असतं. टीव्हीला जोडायच्या डीव्हीडी रेकॉर्डरचंही हेच, ज्या यंत्राने लिहिलं त्यानेच बंद करायचं.

आणि ती छोटी डिस्क फक्त ट्रेच्या ड्राइव्हमध्ये, आतल्या लहान खळग्यात ठेवायची. फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये चुकूनही सारू नका, आत गेली की ड्राइव्ह खोलावा लागतो.

अडगळ

चार्जर लावून दोन केल्या, दोन्ही संगणकात उघडल्या. बाकीच्या आज रात्री. मनापासून धन्यवाद.

वाचनमात्र

इतकी वर्षं नुसता वाचतोय, आज विचारतोच. फोटो डीव्हीडीवर ठेवले तर किती टिकतात? आणि ती एम-डिस्क खरी का?

सोनचाफा

मी नंतर लिहिते म्हटलं होतं, ते हेच. माझं स्पष्ट मत: डीव्हीडी ही फोटोंची एकमेव प्रत कधीच नको. दोन हार्ड डिस्कांवर दोन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी, आणि डीव्हीडी तिसरी. तिसरी म्हणून ती चांगली आहे, कारण एकदा लिहिलेलं व्हायरस पुसू शकत नाही आणि चुकून डिलीट होत नाही.

ओरखडा

किती टिकते याला एक आकडा नाही. तोच माल, एक डिस्क अंधाऱ्या कपाटात, एक खिडकीत. सेंद्रिय रंगाला उष्णता, दमटपणा आणि ऊन सोसत नाही, खिडकीतली आधी जाणार.

एम-डिस्क खरी आहे. तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा अजैविक थर असतो, त्यामुळे प्रकाशाने फिकी पडायचा प्रश्न येत नाही. हजार वर्षांचा दावा कंपनीचा, तो तपासायला आपण नसू. लिहायला ड्राइव्हवर एम-डिस्कचं चिन्ह हवं, कारण लेझरची ताकद जास्त लागते. वाचायला साधा ड्राइव्ह चालतो.

साध्या डिस्कवर ठेवणार असाल तर डीव्हीडायझास्टर हा प्रोग्रॅम बघा. नाव भीतीदायक आहे, काम सोन्यासारखं. आधी फाइलींची आयएसओ इमेज (अख्ख्या डिस्कची मिळून एकच फाइल) बनवायची, ती डिस्कची चार-पंचमांश जागा भरेल एवढीच ठेवायची. उरलेल्या जागेत हा प्रोग्रॅम दुरुस्तीची माहिती भरतो आणि मग ती इमेज राइट करायची. पुढे डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झाले तरी त्या माहितीवरून मूळ डेटा परत जुळवता येतो. हे राइट करण्याआधी करायचं असतं. झाल्यावर आठवलं तर दुरुस्तीची वेगळी फाइल करून दुसरीकडे ठेवता येते, पण तीही डिस्क धडधाकट असेपर्यंतच.

एखादी फाइल ४ जीबीहून मोठी असेल तर फाइल सिस्टिम यूडीएफ निवडा, आयएसओ ९६६० वर ती अडते. मराठीत नावं दिलेल्या फाइलींसाठीही यूडीएफच बरं. जोलिएटमध्ये (आयएसओ ९६६० ला जोडलेली लांब नावांची सोय) नाव ६४ अक्षरांपर्यंत, आणि काना-मात्रा सुटी सुटी मोजली जाते, त्यामुळे लांब नावं कापली जातात.

आणि राइट झाल्यावर 'व्हेरिफाय'ची खूण काढू नका. आणखी तेवढाच वेळ जातो म्हणून लोक ती काढतात. राइट यशस्वी असा संदेश येणं म्हणजे ड्राइव्हने लेझर चालवला, एवढाच त्याचा अर्थ. वाचता येतं की नाही ते व्हेरिफायच सांगतं. जमलं तर दुसऱ्याच ड्राइव्हवर वाचून बघा, लिहिणारा ड्राइव्ह आपल्याच अक्षराला जरा सांभाळून घेतो.

वाचनमात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली).

उंटावरचा

मागे एक सबंध खोकं डीव्हीडींचं घरात पडलंय, त्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही. हा धागा वाचून उघडलं. अर्ध्या वाचतायत, काही वाचताना ड्राइव्ह घरघरतोय आणि फाइल अर्ध्यात थांबते. पेनड्राइव्हचा मुद्दा मागे घेतलेला नाही, तरी उपाय सांगा.

ओरखडा

फाइली एक्सप्लोररमधून ओढू नका, पहिल्या चुकीला तो हात टेकतो. डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरा. आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं तो घेतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर परततो, कुठे काय राहिलं याची नोंद ठेवतो. मग तीच नोंद घेऊन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, राहिलेल्यातलं आणखी काही हाती लागतं. डिस्क पुसायची तर मऊ कापडाने मधून बाहेर, गोल गोल नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि तो दुरुस्त करणं ड्राइव्हला जड जातं. (माझ्या 'ओरखडा' या नावाचं कारण विचारू नये.)

रात्रपाळी

मंडळी, चालली! डीव्हीडीस्टायलर, पाल, एक तास, मेनू नाही, ८x, व्हेरिफाय. डिस्क आत गेली आणि थेट चित्र. हाताची थरथरही नाही.

आता शेवटचे दोन प्रश्न. एक सोहळा पावणेदोन तासांचा आहे, तो तोडायचा नाही, तर ड्युअल लेयर घेऊ का? आणि वर कागदी गोल लेबल छापून चिकटवलं तर छान दिसेल, चालेल ना?

सोनचाफा

लेबल अजिबात नको. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. कागद दमट हवेत ताणतो-आक्रसतो, डिस्क किंचित वाकते, आणि केसभर जरी बाजूला चिकटला तरी फिरताना तोल जातो. जुना प्लेअर तापला की अशीच डिस्क अर्ध्या तासाने अडकायला लागते. छापायचंच असेल तर 'प्रिंटेबल' पांढऱ्या पृष्ठाच्या डिस्क येतात आणि त्यांवर थेट छापणारे इंकजेट प्रिंटर येतात. नाहीतर डिस्कसाठीचा मऊ टोकाचा मार्कर. बॉलपेन नको.

खटपट्या

ड्युअल लेयर ८.५ जीबीची. एका थरावरून दुसऱ्यावर जाताना प्लेअर क्षणभर थबकतो, काही जुने तिथेच अडतात. घ्यायचीच तर प्लस आर डीएल, बुकटाइप डीव्हीडी-रॉम, आणि थर बदलायची जागा एखाद्या चॅप्टरच्या सीमेवर, इमेजबर्न ती विचारतं. पण तुमच्या त्या प्लेअरचं वय बघता मी सोहळा ६ मेगाबिटच्या जरा खाली ठेवून एकाच साध्या डिस्कवर बसवीन. पावणेदोन तास त्यात मावतात. आधी नाचाचा एखादा तुकडा आरडब्ल्यूवर करून संगणकावर बघा. चौकोन फुटले तरच डीएलचा विचार करा.